दुकानाची पायरी : एका स्मरणरंजनाची चिकित्सा

जुन्या दुकानाची आठवण हा मराठी ललित गद्यातील आता एक रूढ विषय झाला आहे. दिवाळी अंकांतून, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून आणि गावोगावच्या शाळांच्या स्मरणिकांतून असे लेख नेमाने वाचावयास मिळतात. त्यांची मांडणीही बहुधा ठरलेली असते. फळ्यांचे दार, काचेच्या बरण्या, गूळ आणि रॉकेल यांचा मिसळलेला वास, गादीवर बसलेले शेटजी आणि त्यांनी मुलाच्या हातावर ठेवलेली लिमलेटची गोळी, एवढे साहित्य जमले की लेखाचा पूर्वार्ध सिद्ध होतो. उत्तरार्धात वातानुकूलित मॉल येतो. तेथे ओळख नाही, जिव्हाळा नाही, असा निर्णय दिला जातो आणि लेख संपतो.

या लेखनाची टिंगल करण्याचा येथे हेतू नाही. स्मरण हे साहित्याचे एक मूलद्रव्य आहे आणि क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूंत ते अधिक काळ टिकते, हे कोणीही मान्य करील. परंतु अशा लेखांकडे आता केवळ ललित लेखन म्हणून पाहिले जात नाही. स्थानिक इतिहास लिहिणारे विद्यार्थी त्यांचा साधनसामग्री म्हणून उपयोग करू लागले आहेत. अशा वेळी त्या आठवणींत काय आले, काय गळले आणि काय एकमेकांत मिसळून गेले, याची छाननी करणे समीक्षेचे कर्तव्य ठरते. प्रस्तुत लेखात ही छाननी मुख्यतः वाशीम जिल्ह्याचा परिसर समोर ठेवून केली आहे.

प्रथम एका घोटाळ्याचा उलगडा केला पाहिजे. स्मरणलेखांत ज्याला सरसकट 'जुने दुकान' म्हटले जाते, त्यात वस्तुतः दोन भिन्न संस्था एकवटलेल्या असतात. पहिली संस्था किराणा दुकानाची. तिचा पाया उधारी हा होता. गिऱ्हाइकाचे घर, त्याची शेती, त्याच्या मुलीचे लग्न, यंदाचा कापूस, हे सर्व दुकानदाराला माहीत असे. कारण वहीत त्याचे खाते असे. दुसरी संस्था मनिहारी मालाची. हिचेच पुढे 'स्टेशनरी अँड कटलरी' किंवा 'जनरल स्टोअर्स' असे पाटीवरचे नामकरण झाले. सुया, दोरे, गुंड्या, फण्या, आरसे, रिबिनी, कुंकवाच्या डब्या, नाडे, पाटी-पेन्सिली, टाक आणि शाईच्या पुड्या हा तिचा माल. व्यवहार बहुतांशी रोखीचा आणि नाणे लहान. या दुसऱ्या संस्थेचे सर्वांत मोकळे रूप म्हणजे आठवड्याच्या बाजारात किंवा जत्रेत जमिनीवर पाल पसरून मांडलेले 'हरेक माल' दुकान. सगळ्या ढिगाचा भाव एकच आणि तो आण्यांत पुकारलेला.

या दोहोंतील भेद केवळ मालाचा नाही. तो संबंधाचा आहे. किराण्याचे दुकान गिऱ्हाइकाला ओळखल्यावाचून चालत नाही. हरेक मालाच्या दुकानाला गिऱ्हाइकाची ओळख असण्याचे काही कारणच नसते. स्मरणलेखक पहिल्याचा जिव्हाळा आणि दुसऱ्याचा आनंद एकाच चित्रात रंगवतो. खरे पाहता दुकानाविषयीचा बालपणीचा आनंद, म्हणजे निवडण्याचा, हाताळण्याचा, मुठीतल्या नाण्याने आपले आपण काही घेण्याचा आनंद, बव्हंशी दुसऱ्या ठिकाणचा आहे. किराण्याच्या दुकानात मूल चिठ्ठी घेऊन जाई आणि चिठ्ठीत लिहिलेले घेऊन परत येई. तेथे त्याला निवड कशाची होती?

वाशीम जिल्ह्याच्या भूमीत हा भेद विशेष स्पष्टपणे पाहता येतो. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन अस्तित्वात आला; पण व्यापाराच्या दृष्टीने या मुलखाची स्मृती फार जुनी आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात झाल्याची कथा आहे. कारंजा हे मध्ययुगात इतके संपन्न व्यापारी नगर होते की १६७० मध्ये मराठ्यांच्या स्वारीत ते लुटले गेले. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून हिंडणाऱ्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेले पोहरादेवी याच जिल्ह्यात मानोरा तालुक्यात आहे. मंगरुळपीर तालुक्यातील शेलूबाजार या गावाने तर बाजार आपल्या नावातच बांधून घेतला आहे.

या यादीत एक गोष्ट अशी आहे की जिचा उल्लेख स्मरणलेखांत सहसा येत नाही. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये १८८६ साली कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. भारतातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची गणना होते. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी कायदाच करण्यात आला. सौदा उघड व्हावा, वजनमाप ठरलेले असावे, अडतीवर मर्यादा असावी, ही या व्यवस्थेमागची दृष्टी. म्हणजे शेतकरी जेथे विकणारा होता, तेथे भाव उघडपणे ठरावा हे तत्त्व या मुलखात एकोणिसाव्या शतकातच मान्य झाले. परंतु तोच शेतकरी संध्याकाळी घेणारा होऊन किराण्याच्या दुकानी गेला की भाव दुकानदाराच्या तोंडी असे आणि हिशेब त्याच्या वहीत. कुणब्याच्या पदरचे किती वाटांनी गळत असते, याचे निर्विकार चित्र त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या 'गावगाड्या'त काढून ठेवले आहे. वहीखात्याला जिव्हाळ्याचे प्रतीक मानणाऱ्याने १८७५ साली सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्याचेही स्मरण ठेवावे. त्या दंग्यात शेतकऱ्यांचा रोख दुकानातील मालापेक्षा कर्जाच्या कागदांवर अधिक होता. ते कागद मिळवून जाळणे हाच त्यांचा मुख्य उद्देश होता.

या पार्श्वभूमीवर हरेक मालाच्या दुकानाचा एकभावी पुकारा काय होता, हे नीट ध्यानात येते. किरकोळ खरेदीत घासाघीस करावी लागे, आणि घासाघीस ही एक विद्या आहे. ज्याला बाजार ठाऊक, ज्याची जीभ धीट आणि ज्याची पत मोठी, त्याला ती साधते. लहान मूल, नवी सून, परगावचा मजूर, अक्षरशत्रू बाई यांना ती साधत नाही. एकच भाव सर्वांसाठी पुकारला गेला की ही विद्या निरुपयोगी होते. अडाण्याला शहाण्याइतकाच भाव मिळतो. ज्यांना फसण्याचे भय अधिक, त्यांना या दुकानाचा आनंद अधिक वाटला, यात नवल नाही.

मालाचा उगमही लक्षात घेण्याजोगा आहे. मनिहारी दुकानातील कितीतरी वस्तू आरंभी विलायती किंवा जपानी असत. त्यांची जागा देशी वस्तूंनी हळूहळू घेतली. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील, १९३१ मध्ये सुरू झालेल्या दांडेकरांच्या कॅम्लिनची शाई, पाटणवालांचा अफगाण स्नो, ही नावे त्या दुकानांच्या फळ्यांवरूनच घरोघरी गेली. तळेगाव दाभाडे येथील काच कारखाना तर अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ साली उभा राहिला. माणशी एक पैसा गोळा करून राष्ट्रीय उद्योग काढावयाचा, ही त्या फंडाची कल्पना होती. एका पैशाला त्या काळी जो मान होता तो दोन दिशांनी होता. त्याने वस्तू घेता येत असे आणि त्यातून कारखानाही काढता येत असे. जुन्या दुकानाच्या स्मरणात या पैशाच्या सामर्थ्याची जाणीव क्वचितच उमटते. उमटते ते त्याच्या स्वस्ताईविषयीचे कौतुक.

एकभावी दुकानाचा हा प्रकार आपल्याकडचाच आहे असे नाही. अमेरिकेत फ्रँक वूलवर्थ याने १८७९ मध्ये पाच सेंटांत कोणतीही वस्तू देणारे दुकान काढले. यूटिका येथील त्याचा पहिला प्रयत्न फसला. लँकेस्टर येथील दुसरा यशस्वी झाला. पुढे दहा सेंटांच्या वस्तू आल्या आणि पाच-दहा सेंटांची दुकाने गावोगाव पसरली. तेथे माल गल्ल्यामागे कोंडलेला नसे. गिऱ्हाइकाने तो हातात घेऊन पाहावा अशी मांडणी असे. १९३० नंतरच्या दशकात ही किमतीची मर्यादा सोडून द्यावी लागली आणि १९९७ मध्ये अमेरिकेतील ही दुकाने बंद झाली. ब्रिटनमधील शेवटचे दुकान जानेवारी २००९ मध्ये मिटले. या दुकानांविषयीही तेथे विपुल स्मरणलेखन झाले असून त्याचा सूर आपल्या लेखांहून फारसा वेगळा नाही.

परंतु त्या स्मरणाला एक खीळ बसली आहे. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो या गावी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. त्यांनी किरकोळ वस्तू घेतल्या. त्यांचे पैसे दुकानाने बिनतक्रार स्वीकारले. मग ते त्याच दुकानातील उपाहाराच्या फळीपाशी बसले. तेथे मात्र त्यांना काही देण्याचे नाकारण्यात आले. ते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी आले. सुमारे सहा महिन्यांनी, जुलैमध्ये, दुकानाला आपला नियम सोडावा लागला. त्या फळीचा एक भाग आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेला आहे. तेव्हापासून त्या दुकानाची गोड आठवण लिहिणाऱ्या कोणालाही हा प्रसंग वगळून प्रामाणिकपणे लिहिता येत नाही. नाणे सर्वांचे चालते, बसणे सर्वांचे चालत नाही, हे त्या एका फळीने दाखवून दिले.

मराठी स्मरणलेखनाला अशी खीळ अद्याप बसावयाची आहे. वास्तविक तिची सामग्री आपल्या साहित्यात केव्हाच उपलब्ध झाली आहे. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पुरंदर-फलटण परिसरातील महार स्त्रियांच्या जीवनाचे ते कथन आहे. दुकानी जाण्याचा प्रसंग त्यात आला आहे. पैशाची एखादी वस्तू घ्यावयाची, तीही दूर अंगणात उभे राहून, स्वतःला हीन म्हणवून घेत, दुकानदाराला आर्जवून मागावयाची. आणि त्याच वेळी दुकानदाराच्या घरच्या मुलाला, या बाईला शिवावयाचे नाही, असा पाठ मिळावयाचा. एकाच दुकानासंबंधी दोन मुलांच्या दोन आठवणी कशा असू शकतात, हे यावरून कळून येईल. ज्याच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली गेली, त्याला शेटजींचा हात आठवतो. ज्याच्या पदरात वस्तू वरून टाकली गेली, त्याला आठवते ते अंतर.

ही आठवण दुसऱ्या जिल्ह्यातील आहे, वाशीमच्या बाजाराला ती कशी लावावी, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप योग्य आहे. एका गावचे चित्र दुसऱ्या गावावर जसेच्या तसे चिकटवू नये. पण दुकानप्रवेशाचा प्रश्न एका परिसरापुरता नव्हता, याला राज्यघटनाच साक्ष आहे. घटनेच्या १५ व्या अनुच्छेदात, धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांनी कोणालाही ज्या स्थळी प्रवेश नाकारता येणार नाही, त्यांच्या यादीत दुकानांचा उल्लेख सर्वांत आधी आहे. विहिरी, तलाव आणि रस्ते त्यानंतर येतात. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या कलमाची चर्चा चालू असता डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'दुकान' हा शब्द येथे व्यापक अर्थाने योजला आहे, मोबदला घेऊन सेवा देणाराही त्यात येतो, असा खुलासा केला. १९५५ मध्ये अस्पृश्यता (गुन्हे) कायदा झाला, तेव्हा दुकानात प्रवेश नाकारणे आणि माल वा सेवा देण्यास नकार देणे हे दंडनीय अपराध ठरले. जे कोठेच घडत नव्हते त्यासाठी कायदा करावा लागत नाही.

'दुकानाची पायरी चढणे' हा आपल्या भाषेतील प्रयोग या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. किराण्याचे जुने दुकान ओट्यावर असे. पायरी होती म्हणूनच कोणी चढावे आणि कोणी खालीच थांबावे, हे न बोलता ठरत असे. बोलण्यातही तीच पायरी होती. कोणाला 'या वहिनी', 'बसा पाटील' असे आगतस्वागत. कोणाला नुसते नाव, तेही अर्धे. स्मरणलेखक ज्याला 'नावानिशी ओळख' म्हणून गौरवतो, तिच्यात कोणाचे नाव कसे घेतले जाई हे तो सांगत नाही. याउलट आठवडी बाजारातील हरेक मालाच्या पालाला पायरीच नव्हती. माल जमिनीवर, विकणारा जमिनीवर, घेणारा जमिनीवर. विकणारा बहुधा परगावचा. त्याला ना गिऱ्हाइकाची जात ठाऊक, ना त्याचे खाते. भाव आधीच पुकारलेला असल्याने आर्जव करण्याचे कारण नाही. गौरव करावयाचाच असेल तर जिव्हाळ्याच्या ओट्यापेक्षा या अनोळखी पालाचा करणे अधिक न्याय्य होईल. 'ओळख नसणे' हा मॉलवरील मुख्य आरोप आहे; परंतु ज्यांची ओळख हीच त्यांची बेडी होती, त्यांना अनोळखीपण हा दिलासा वाटला असेल, ही शक्यता स्मरणलेखकाच्या ध्यानी येत नाही.

अर्थात यावरून हरेक मालाच्या पालाला समतेचे पीठ ठरवणे हीही अतिशयोक्तीच होईल. ग्रीन्सबरोचा धडा येथेही लागू आहे. नाण्याची समता ही फार अपुरी समता आहे. ज्याच्या हाती नाणेच नाही, त्याच्यासाठी ती नसल्यासारखीच. शिवाय पालावर वस्तू घेऊन झाल्यावर त्याच बाजारात चहाच्या दुकानी कोणती कपबशी कोणासाठी, हा प्रश्न उभा असे. आपले म्हणणे एवढेच की या दोन संस्थांतील फरक पुसून टाकल्याने आठवणीचे जे एकरंगी चित्र तयार होते, ते इतिहास म्हणून चुकीचे आणि साहित्य म्हणून दुबळे ठरते.

साहित्य म्हणून दुबळे का, याचेही उत्तर दिले पाहिजे. ललित लेखनाचे बळ तपशिलाच्या विशिष्टतेत असते. वऱ्हाडी जीवनाचे चित्रण करणाऱ्या उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीत दारिद्र्य हा शब्द लेखकाला वारंवार उच्चारावा लागत नाही. कौतिकच्या संसारातील प्रत्येक व्यवहार वऱ्हाडी बोलीतून तो अर्थ स्वतःच प्रकट करतो. वाशीम जिल्ह्याचेच सुपुत्र नामदेव कांबळे यांच्या 'राघववेळ' या कादंबरीला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. उपेक्षित जीवनाचे आतून घेतलेले दर्शन हेच तिचे वैशिष्ट्य. अशा लेखनाच्या शेजारी सामान्य स्मरणलेख ठेवून पाहिला की त्यातील बरण्या, गोळ्या आणि गुळाचा वास हे कोणत्याही गावाला चालणारे सामान वाटू लागते. दुकान कारंज्याचे की कराडचे, हे वाचकाला कळत नाही. गिऱ्हाईक कोणत्या दिवशी मजुरी मिळाल्यावर आले, कापसाचे पैसे हाती येण्याआधी की नंतर, काय विकत घेतले आणि काय परत ठेवले, हे लेखात नसते. 'परत ठेवले' हा तपशील तर हमखास गळतो. एका आण्यात सर्व वस्तूंची निवड खुली असली, तरी घ्यावयाची एकच. बाकीच्या परत ठेवावयाच्या. बालपणीच्या त्या आनंदाला या परत ठेवण्याची धार होती. ती धार गेली की उरते ती नुसती गोडी.

एवढे सगळे म्हटल्यावर स्मरणलेखकाच्या बाजूने काही म्हणावयास हवे. त्याला जे हरवल्यासारखे वाटते ते सर्वस्वी काल्पनिक नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. सहा आणे म्हणजे साडेसदतीस पैसे. एकभावी पुकाऱ्याचे जुने आकडे नव्या नाण्यांत नीट बसेनात. पुढे महागाईने लहान नाणी निकामी केली आणि ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालची नाणी चलनातून अधिकृतपणे बाद झाली. मुलाच्या मुठीत मावणारी आणि तरीही काहीतरी विकत घेऊ शकणारी क्रयशक्ती अशा रीतीने संपुष्टात आली. १९९० पासून वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापणे सक्तीचे झाले. त्यामुळे पूर्वी ज्या एकभावाचे अप्रूप होते तो प्रत्येक पुडीवर येऊन बसला. हरेक मालाच्या दुकानाने दिलेले आश्वासन कायद्याने सर्वत्र पाळले जाऊ लागले, म्हणून त्या दुकानाचे विशेषत्व गेले. हे एका अर्थी त्याचे यशच आहे. आजही जत्रांतून एकच भाव पुकारणारी पाले दिसतात; फक्त आण्यांच्या जागी दहा-वीस रुपये आणि काचेच्या जागी प्लॅस्टिक आले आहे. जे स्मरणलेखक हरवले म्हणतात, ते पुष्कळदा त्यांच्या स्वतःच्या वाटेवरून गेलेले असते; गावाच्या वाटेवर ते अजून असते.

तेव्हा या लेखनाची पारख करताना तीन प्रश्न विचारावेत असे सुचवावेसे वाटते. पहिला, लेखक कोणत्या दुकानाविषयी बोलत आहे, उधारीच्या की रोखीच्या? दुसरा, तो दुकानात कोठे उभा होता, ओट्यावर की अंगणात? तिसरा, त्याच वेळी त्याच दुकानी दुसरे कोण आले होते आणि त्यांच्याशी कसे बोलले गेले? या तीन प्रश्नांची उत्तरे लेखात मिळत असतील तर ते स्मरण साहित्यालाही उपकारक आणि इतिहासालाही. न मिळतील तर ते केवळ रंजन समजावे आणि साधन म्हणून त्याचा उपयोग करू नये.

याच्या जोडीला प्रत्यक्ष संशोधनाचे कामही हाती घेण्याजोगे आहे. वाशीम, कारंजा, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर आणि मानोरा या सहाही तालुक्यांत जुन्या दुकानांच्या वह्या, पावत्या, पाट्या आणि जाहिरातींची पत्रके अजून कोणाच्या माळ्यावर असण्याचा संभव आहे. त्यांहून नाशवंत साधन म्हणजे माणसे. आण्यांत खरेदी केलेल्या पिढीतील स्त्रिया, विशेषतः ज्या मजुरीच्या पैशाने आठवडी बाजार करीत, त्यांच्या आठवणी त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत टिपून घ्यावयास हव्यात. ज्यांनी या विषयावर आजवर लिहिले ते बहुतेक ओट्यावर चढलेले होते. खाली उभे राहिलेल्यांनी काय पाहिले, हे त्यांना विचारल्यावाचून जुन्या दुकानाची आठवण पूर्ण झाली असे म्हणता येणार नाही.